गाडी ऑईल खाते, ते कुठल्या वाटेने?

या वेळचं पत्र पावसजवळच्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचं आहे. थोडं कापून देतो.

‘२०२२ मध्ये चिपळूणच्या एका गृहस्थांकडून २०११ ची छोटी पेट्रोल गाडी घेतली. आता ८६ हजार किलोमीटर झालेत. एरवी पावसचा बाजार, बँक, फार तर रत्नागिरी. महिन्यातून एकदा कोल्हापूरला मुलीकडे. गंमत अशी, की गावात फिरताना ऑईल काही कमी होत नाही, पण कोल्हापूरची एक फेरी झाली की ऑईल मोजायच्या पट्टीवर निम्म्याला येतं. मागे दोनदा भरायचं राहून गेलं आणि आंबा घाटात एका वळणावर तांबडा दिवा लुकलुकला. सकाळी पहिला सेल्फ मारला की निळसर धुराचा एक भपका येतो, मग दिवसभर काही नाही. खळ्यात ऑईलचा डाग नाही. गॅरेजवाला म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, फुल इंजिन काम, ४५ हजार. मुंबईचे मेहुणे म्हणतात, जाड ऑईल घाला आणि विसरून जा. मी कोणाचं ऐकू?’

गुरुजी, नमस्कार.

तूर्त दोघांचंही ऐकू नका. पण त्याआधी तो तांबडा दिवा.

तो दिवा ऑईलच्या पातळीचा नाही, दाबाचा असतो. तो लुकलुकला याचा अर्थ चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळच्या भांड्यातलं, ऑईल इतकं खाली गेलं होतं, की वळणावर ते एका अंगाला कललं आणि पंपाच्या तोंडात हवा गेली. तेवढा क्षण क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, बेअरिंगं जवळजवळ कोरडी फिरली. पुन्हा कधी तो दिवा दिसला तर ‘वरती आंब्याला चहाला थांबू तेव्हा बघू’ असं करू नका. जिथे गाडी कडेला घेता येईल तिथेच घ्या आणि इंजिन बंद करा. पट्टीवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेमधलं अंतर बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटरचं असतं, आणि तुमच्यासारख्या छोट्या इंजिनात एकूण ऑईल मावतं तीन-साडेतीन लिटर. म्हणजे पट्टी खालच्या खुणेवर आली की जवळजवळ तिसरा हिस्सा संपलेला असतो. तुमची त्याच्याही खाली गेली होती. आजपासून डिकीत त्याच ग्रेडचा एक लिटरचा डबा हवा, आडवा लोळणारा नव्हे, उभा बांधलेला.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली ओळ. गावात कमी होत नाही, कोल्हापूरला गेलं की एकदम उतरतं. गॅरेजवाल्याने ही ओळ ऐकली असती तर लगेच रिंगांवर उडी मारली नसती.

घरापासून बाजार दोन-तीन किलोमीटर. एवढ्यात इंजिन धड तापत नाही. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ओघळतं आणि चेंबरमधल्या ऑईलमध्ये मिसळतं. सोबत जळणातून तयार होणारी वाफही तिथेच थंड होऊन राहते. म्हणजे एकीकडून ऑईल जात असतं आणि दुसरीकडून पेट्रोल-पाणी भरत असतं. गवळ्याने दूध काढून घ्यावं आणि तेवढंच पाणी ओतावं. चरवी आपली काठोकाठ. मग तुम्ही कोल्हापूरला निघता. साखरपा मागे टाकून घाट चढायला लागलात की ऑईल खरं तापतं, त्यातलं पेट्रोल आणि पाणी उडून जातं, ब्रीदरच्या, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या, पाईपातून परत इंजिनात शिरून जळतं, आणि पट्टी एकदम खरं बोलायला लागते. तुम्हाला वाटतं, कोल्हापूरच्या फेरीने ऑईल खाल्लं. प्रत्यक्षात महिनाभराची उधारी त्या एका दिवशी वसूल होते.

यात एक बरं आहे आणि एक वाईट. बरं हे, की एका फेरीत अर्धा लिटर ही खाण्याची खरी गती नव्हे. वाईट हे, की गावात पट्टी जागेवर दिसते तेव्हाही आत पातळ झालेलं ऑईल आहे, आणि पातळ ऑईल भिंतीवरून सहज वर चढतं. जाता जाता सांगतो: पावसाळ्यात ऑईलचं झाकण उघडल्यावर आतून ताकावरच्या फेसासारखा पिवळट थर दिसला तर घाबरू नका. रेडिएटरच्या बाटलीतलं पाणी कमी होत नसेल आणि पट्टीवरचं ऑईल स्वच्छ असेल तर ती नुसती दमट हवा आणि छोट्या फेऱ्यांची वाफ असते. हेड गॅस्केट (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, त्याच्याखालचं पॅकिंग) गेलं म्हणून याच फेसावर आपल्याकडे हेड उतरवलेले मी पाहिलेत.

तेव्हा पहिलं काम मोजणीचं. पुढच्या वेळी कोल्हापूरहून आल्या आल्या, इंजिन गरम असतानाच, ऑईल आणि फिल्टर बदलून घ्या. मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच ग्रेड. वरच्या खुणेपर्यंत भरा, तिच्यावर नाही. जास्त भरलेलं ऑईल क्रँक घुसळतं, त्याचा फेस होतो आणि तेही ब्रीदरमधून जळायला जातं. मग एक वही. तुम्ही आयुष्यभर मस्टर भरलंत, हे काही अवघड नाही. तारीख, किलोमीटर, पट्टी कुठे, किती घातलं. लिटरच्या बाटलीच्या कडेला पातळी दिसायची पट्टी असते, तिच्यावरून शंभर-दोनशे मिली नीट कळतात.

पट्टी मात्र एकाच जागी, एकाच पद्धतीने बघा. आपल्याकडे सपाट जागा मिळणं हीच मोठी अडचण. खळं पावसाचं पाणी जावं म्हणून उतारावर केलेलं असतं आणि रस्ता तर विचारूच नका. पेट्रोल पंपाचा कोबा त्यातल्या त्यात बरा. तिथे गाडी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं जाऊ द्या, पट्टी एकदा पुसून, पूर्ण आत घालून मग वाचा. घाईत वाचलेली पट्टी आणि उतारावर वाचलेली पट्टी यांतला फरक अर्धा लिटर सहज दाखवतो.

हजार किलोमीटरला किती गेलं तर वाईट? काही कंपन्यांच्या पुस्तकांत हजार किलोमीटरला अर्धा लिटर, कुठे कुठे एक लिटरपर्यंतही चालेल असं छापलेलं असतं. ते वकिलाने लिहिल्यासारखं वाटतं मला. माझा स्वतःचा हिशेब असा: पाच हजार किलोमीटरला एक लिटर गेलं तर या वयाच्या गाडीला मी काही म्हणत नाही. दोन हजारात गेलं तर कारण शोधतो. हजाराच्या आत गेलं तरच पाना उचलायची गोष्ट.

ऑईल जायच्या वाटा मोजक्या आहेत आणि त्या स्वस्तापासून महागाकडे तपासायच्या. गॅरेजवाल्याने सगळ्यात महाग दारापासून सुरुवात केली, म्हणून मी त्याला तूर्त थांबवतोय. माणूस खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. मी स्वतः हे पाप केलंय. रत्नागिरीत माझं गॅरेज होतं तेव्हा, सुरुवातीच्या वर्षांत, धूर मारणारी एक गाडी मी रिंगा गेल्या म्हणून उघडली. बोअर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंती, धडधाकट, रिंगांना काही झालेलं नाही. दोन दिवस डोकं खाजवल्यावर सापडला तो पीसीव्ही व्हॉल्व्ह, अंगठ्याएवढा प्लास्टिकचा तुकडा, उघडा अडकलेला. इंजिन परत बांधलं आणि मजुरी घेतली नाही. घेणार कुठल्या तोंडाने?

हा व्हॉल्व्ह चेंबरमधला धूर आणि वाफ परत इंजिनाच्या श्वासात सोडतो. तो उघडा अडकला तर वाफेबरोबर ऑईलही ओढलं जातं. बंद अडकला तर आत दाब साचतो आणि जिथे मिळेल तिथून, सीलांतून, पॅकिंगमधून ऑईल बाहेर ढकलतो. काढून कानाशी हलवा, आतली गोळी खुळखुळली पाहिजे. खुळखुळत असला तरी तुमच्या गाडीच्या वयाला मी तो न विचारता बदलतो; काही शे रुपयांचा मामला. त्याचा रबरी पाईपही हाताने दाबून बघा. कडक होऊन चिरलेला असेल तर तोही.

डाग नाही म्हणता, पण खळ्यातल्या डागावर जाऊ नका. पुष्कळ गळती इंजिन चालू असताना, ऑईल दाबाखाली असतानाच होते, वाऱ्याने मागे उडते आणि गाडीच्या पोटाला लागते. आपल्याकडे हे ओळखायची एक सोय आहे: जांभ्याची धूळ. इंजिन कोरडं असेल तिथे ती लाल भुकटी फुंकली की उडते. ओलं असेल तिथे तिचा काळपट-तांबडा गिलावा होऊन बसतो. टॉर्च घेऊन खाली वाका. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगखाली, ऑईल फिल्टरभोवती, ड्रेन बोल्टच्या वायसरला, ऑईल प्रेशरच्या स्विचपाशी आणि गिअर बॉक्स जिथे इंजिनाला जोडलाय त्या फटीत हा गिलावा शोधा. हे पावसाळ्याआधी करा. जूनमध्ये रस्त्यावरचं पाणी सगळा पुरावा धुऊन नेतं.

आता सकाळचा तो भपका. तो रिंगांचा नाही, असं मी इथे बसून पैजेवर सांगतो. रात्रभर गाडी उभी असते, हेडमध्ये वर साचलेलं ऑईल सिलिंडरची हवा-धुराची दारं असलेल्या व्हॉल्व्हच्या दांडीवरून थेंब थेंब खाली सरकतं. ते अडवायला प्रत्येक दांडीवर टोपीसारखं एक रबरी सील असतं, वॉलसील म्हणतो आम्ही. नवीन असताना मऊ, दांडीला घट्ट. चौदा-पंधरा वर्षं उकळत्या ऑईलमध्ये काढल्यावर ते नखाने दाबलं तर प्लास्टिकसारखं वाजतं. किलोमीटरपेक्षा वय त्याला जास्त बाधतं, त्यामुळे ‘८६ हजारच तर झालेत’ याला इथे अर्थ नाही. रात्रीचं उतरलेलं ऑईल सकाळी पहिल्या सेल्फला जळतं, भपका येतो आणि संपतं. रिंगा गेलेल्या असत्या तर धूर दिवसभर, जोर द्याल तेव्हा आला असता.

पण भपका वॉलसीलचा असला म्हणून रिंगा ठीकच आहेत असंही सिद्ध होत नाही. त्यासाठी तुमच्या दारातच प्रयोगशाळा आहे: आंबा घाट. सपाटीवरच्या लोकांना ही चैन नाही. पुढच्या फेरीला मागच्या गाडीत कोणी ओळखीचा बसवा, मेहुणे आले असतील तर त्यांनाच, आणि दोनच गोष्टी बघायला सांगा. घाट चढताना, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर जोर असताना, मागे सतत निळसर पडदा राहतो का? राहिला तर रिंगांवर संशय, कारण जळणाचा दाब रिंगांच्या बाजूने खाली जातोय आणि भिंतीवरचं ऑईल वर येतंय. परत येताना घाट उतरा तो गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर पूर्ण सोडून, तसं तुम्ही उतरतच असाल. पाय सोडला की इंजिनाला हवा मिळत नाही, ते इनलेटच्या बाजूने जोरात ओढतं, आणि जुन्या वॉलसीलमधून ऑईल आत ओढलं जातं. खाली साखरप्याकडे रस्ता सरळ झाला की अॅक्सिलरेटर दाबा. त्या क्षणी मागे निळा ढग सुटला आणि चार सेकंदांत विरला, तर वॉलसील. चढतानाही धूर, उतरल्यावरही धूर, तर दोन्ही.

काहीच दिसलं नाही तर? तेही होऊ शकतं. तुमच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, तो गरम झाला की थोडाफार धूर आतच जाळून टाकतो. त्यामुळे धूर नाही म्हणजे खात नाही असं नसतं. शेवटचा शब्द वहीचा.

वॉलसील बदलायला हेड उतरवावाच लागतो असं गॅरेजमध्ये सांगतात, तो बऱ्याच इंजिनांत खोटा समज आहे. वर टॅपेट कव्हर आणि कॅम काढायचा, प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये हवेचा दाब सोडायचा, म्हणजे व्हॉल्व्ह खाली पडत नाही, आणि स्प्रिंग दाबून सील बदलायचं. कॉम्प्रेसरची सोय नसेल तर जुने मेस्त्री प्लगच्या भोकातून दोरी आत सोडतात, क्रँक हाताने फिरवून पिस्टन वर आणतात आणि दोरीच्या गुंडाळ्यावर व्हॉल्व्ह टेकवून ठेवतात. दोरी नायलॉनची. एकाने घरचा काथ्याचा सुंभ घातलेला मी पाहिलाय, आणि नंतर चिमट्याने त्याचे तंतू वेचत बसलेलाही. काम नाजूक आहे, टायमिंगच्या खुणा चुकल्या तर व्हॉल्व्ह वाकतो, पण ४५ हजारांचं नक्कीच नाही.

रिंगांकडे येऊ. पिस्टनला तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब धरतात. खालची तिसरी ऑईलची: दोन पातळ पाती आणि मध्ये नागमोडी स्प्रिंग. ती भिंतीवरचं जास्तीचं ऑईल खरवडून पिस्टनमधल्या बारीक भोकांतून खाली चेंबरमध्ये परत पाठवते. ऑईल वेळेवर बदललं नाही, गाडी दोन-दोन किलोमीटरच चालली, की या भोकांत आणि खाचेत काजळी घट्ट बसते. रिंग झिजलेली नसते, खाचेत चिकटलेली असते. म्हणून मेस्त्री ‘रिंगा गेल्या’ म्हणाला की विचारायचं: झिजल्या की चिकटल्या? झिजलेली बदलावीच लागते. चिकटलेली कधी कधी सुटते.

तुमच्या गाडीच्या वापराकडे बघता, रिंगांचं काही असलंच तर ते चिकटण्याचं असावं, असा माझा कौल. एक शक्यता सोडून. गाडी चिपळूणची आहे आणि २०२२ ची खरेदी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा तिथल्या किती गाड्या छपरापर्यंत बुडाल्या हे तुम्हाला मी सांगायला नको. नंतर त्या धुऊन-पुसून विकल्याही गेल्या. बुडालेल्या गाडीत सिलिंडरमध्ये गाळाचं पाणी जातं. ते तसंच राहिलं तर बोअरला गंजाचे डाग पडतात, आणि कोणी तसाच सेल्फ मारला असेल तर गाळाने ओरखडे. पुढच्या सीटचा पट्टा शेवटापर्यंत बाहेर ओढून बघा. गुंडाळीच्या तळच्या भागावर चिखलाची रेघ सहसा कोणी धूत नाही. सीटखालचे बोल्ट, मागच्या दिव्याच्या काचेच्या आतली कड, हीही बघा. विकणारा सज्जन असेलच, गाडी मात्र सांगते.

दुसरी एक जागा आधी उघडा, पैसे लागत नाहीत: एअर फिल्टरचा डबा. आंब्याचा हंगाम संपल्यावर मांगरात लावून ठेवलेली एका बागायतदाराची गाडी सप्टेंबरात माझ्याकडे आली होती. चाळीस हजारही झाले नव्हते आणि धूर असा, की मागचा स्कूटरवाला शिव्या घालत यायचा. डब्याचं झाकण उघडलं तर आत भाताचं तूस, काजूची टरफलं, कापसासारखा कुरतडलेला कागद आणि मध्ये उबदार गोल खळगा. उंदरीण बाळंतपण उरकून गेली होती. फिल्टरला दोन बोटं जातील एवढं भोक. त्या भोकातून गावच्या चिरेखाणीची धूळ महिने न् महिने थेट सिलिंडरमध्ये गेली. फिल्टरच्या पुढच्या पाईपात बोट फिरवलं, बोट तांबडं. त्या गाडीच्या रिंगा खरंच गेल्या होत्या, बोअरही. तुमच्या पाईपात बोट घालून बघा. स्वच्छ निघालं तर निम्मी काळजी मिटली.

मग प्लग. काढताना क्रम चुकवू नका, अंड्यांच्या ट्रेमध्ये पहिला, दुसरा, तिसरा असे ठेवा. चांगला प्लग कोरडा, भाजक्या विटेसारखा फिकट तपकिरी. ऑईल खाणाऱ्या सिलिंडरचा प्लग काळा, ओलसर, टोकाला खरखरीत कवच. सगळे सारखे असतील तर वयाचा आजार. एकच काळा असेल तर त्या एका सिलिंडरचा.

प्लग निघालेच आहेत तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, मोजून घ्या. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. निरोगी छोट्या पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते १९० पीएसआय यावेत, आणि सिलिंडरा-सिलिंडरांत फार फरक नको. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर ऑईल सोडून परत मोजायचं. आकडा वर उसळला तर रिंग किंवा बोअर, कारण ऑईलने तात्पुरती फट बुजवली. तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह. मात्र इथे एक मेख आहे, आणि चांगले मेस्त्रीही तिथे फसतात. कॉम्प्रेशन वरच्या दोन रिंगा धरतात. तिसरी, ऑईलची, चिकटून बसलेली असली तरी आकडा झकास येऊ शकतो. म्हणून आकडा चांगला आला तर ‘रिंगा ठीक’ असं नाही, ‘बोअर आणि वरच्या रिंगा ठीक’ एवढंच म्हणायचं. पुढचं डोळ्याने बघायचं. मोबाईलला जोडायचा बारीक कॅमेरा आता बऱ्याच गॅरेजांत असतो. प्लगच्या भोकातून आत सोडा. भिंतीवर तिरप्या बारीक रेघांची जाळी अजून दिसत असेल तर बोअर जिवंत आहे. उभे ओरखडे असतील तर नाही. पिस्टनच्या माथ्यावर काजळी असतेच. पण कडेकडेने ती धुऊन निघालेली, धातू उघडा पडलेला दिसला, तर ऑईल खालून, रिंगांच्या बाजूने वर येतंय.

बोअर चांगला आणि कड धुतलेली, असं निघालं तर इंजिन उघडण्याआधी एकदा चिकटलेल्या रिंगा सोडवून बघायला माझी हरकत नाही. काजळी विरघळवणारं द्रव प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये ओततात, रात्रभर ठेवतात. दुसऱ्या दिवशी प्लग न लावता, पेट्रोल आणि कॉईलची जोडणी काढून, भोकांवर फडकं धरून सेल्फ मारायचा, म्हणजे उरलेलं द्रव बाहेर उडतं. ही पायरी गाळली आणि प्लग लावून सेल्फ मारला तर द्रव दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून हे घरी करू नका. नंतर ऑईल लगेच बदलायचं. कधी लागू पडतं, कधी नाही. नाही पडलं तर हजार-दोन हजारांचं नुकसान, एवढंच.

मेहुण्यांचं जाड ऑईल. पूर्ण चुकीचं नाही. २०डब्ल्यू-५० मध्ये डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, नंतरचा गरम इंजिनातला जाडपणा. आपल्याकडे पावसला थंडी ती काय, पहिल्या आकड्याने फार फरक पडत नाही. दुसरा आकडा वाढवला की ऑईल फटीतून कमी सरकतं, हे खरं. पण ३० वरून एकदम ५० वर उडी मारली की पंपाला ढकलायला जड, बारीक नळ्यांतून वर हेडपर्यंत जायला उशीर, आणि गाडीत ऑईलच्या दाबावर चालणारं व्हॉल्व्ह टायमिंग असेल तर त्याची कुरकुर. मॅन्युअलमध्ये ग्रेडचा तक्ता असतो. त्यात ४० चा ग्रेड दिलेला असेल तर वॉलसील बदलल्यानंतर तो घाला. आधी नाही, नाहीतर सीलने फरक पडला की ऑईलने, हे वहीला कळणार नाही.

आणि आता ते ४५ हजार. तुम्ही गणिताचे असा-नसा, हे पाटीवर मांडा. समजा गाडी हजार किलोमीटरला एक लिटर खाते, म्हणजे वाईटात वाईट. लिटरला पाचशे रुपये धरा. ४५ हजारांत नव्वद लिटर येतं, म्हणजे नव्वद हजार किलोमीटर. गाडी आजवर चालली त्याहून जास्त. तुमच्या महिन्याच्या पाचशे किलोमीटरने ते पंधरा वर्षं पुरेल. नुसता पैशाचा हिशेब म्हणाल तर इंजिन उघडण्यापेक्षा ऑईल घालत राहणं परवडतं.

नुसता पैशाचा नाही, म्हणून अडतं. ऑईलमधल्या फॉस्फरस आणि जस्ताची राख कन्व्हर्टरवर बसते आणि तो मरतो. नवा घ्यायचा म्हटलं तर डोळे पांढरे होतात. पीयूसीला गाडी अडते. आणि २०११ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांचं पासिंग आलंच, तिथे धूर मारत जाऊन चालणार नाही. म्हणून मधला मार्ग: ऑईल बदल, पीसीव्ही, वॉलसील, मग दोन हजार किलोमीटर वही. बहुधा तिथेच गती उतरेल.

नाही उतरली आणि कॅमेऱ्यात बोअर चांगला दिसला, तर रिंगा बदला. पण इंजिन उघडल्यावर बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी मोजून आकडे कागदावर घ्या; मोजल्याशिवाय नव्या रिंगा घालणारा मेस्त्री नको. नव्या रिंगांच्या तोंडांची फट फीलरने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्याने, तपासायची आणि तिन्ही तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत. जुने पार्ट पिशवीत घालून परत मागा. बोअर खराब निघाला, लेथवर नेऊन मोठा करायचा आणि ओव्हरसाईज पिस्टन घालायचे अशी वेळ आली, तर या गाडीवर तो खर्च मी करणार नाही. ते पैसे पुढच्या गाडीला ठेवा, आणि ती चिपळूणची असेल तर आधी सीटचा पट्टा ओढा.

काढलेलं जळकं ऑईल गॅरेजमध्येच राहू द्या, ते गोळा करणारे येतात. वाशांना वाळवी लागू नये म्हणून मागून आणायची आपल्याकडे पद्धत आहे, पण उरलेलं मग पऱ्यात ओतलं जातं आणि खाली कोणाची तरी विहीर असते.

हे सगळं गणपतीआधी उरका. चतुर्थीच्या आठवडाभर आधीपासून मुंबईच्या गाड्या महामार्गावरून तापत तापत येतात आणि एकही चांगला मेस्त्री मोकळा सापडत नाही. तोवर कोल्हापूरला जायचं झालं तर निघायच्या सकाळी पट्टी, पोचल्यावर दुसऱ्या सकाळी पट्टी, आणि परत निघताना पुन्हा. आंब्याला चहाला थांबलात तरी तिथे बघू नका, ती जागा उतरती आहे. दोन हजार किलोमीटर झाले की वहीचं पान आणि प्लगचे फोटो, क्रमाने लावलेले, पाठवा. फिल्टरच्या डब्यात काय सापडलं तेही कळवा.